डावा बोलत नाही

मधुसूदन पांढरीपांडेने कॉम्प्युटरचा एकच स्पीकर पिशवीत घालून दुकानात आणला, तेव्हा निजामुद्दीनने आधी पिशवीत वाकून पाहिलं आणि याचा जोडीदार कुठे आहे असं विचारलं.

"तो घरी आहे. त्याला काही झालेलं नाही," मधुसूदन म्हणाला. "उजवा स्वच्छ आहे. हा डावा बोलत नाही."

यवतमाळात दत्त चौकामागच्या गल्लीत निजामुद्दीनचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने केलेलं निदान शांतपणे ऐकून घ्यायचं आणि मग ते विसरून जायचं, ही त्याची कामाची पद्धत. त्याने तो स्पीकर एका उघड्या अॅम्प्लिफायरला जोडला आणि रेडिओ लावला. स्पीकर पोपटासारखा बाजारभाव सांगू लागला.

"हा तं चांगला बोलून राह्यला, मधूबाबू."

"भाव सांगतो हो, डग्गा बोलत नाही. तबल्याची टेप लावली की उजव्या हाताचं सगळं ऐकू येतं आणि डग्गा गायब. म्हणजे डावा गेला ना?"

निजामुद्दीनला कळायला क्षणभर लागला. मग चष्मा काढून ठेवून तो पोट धरून हसला. "डग्गा डाव्या हातानं वाजवते, म्हून तो डाव्या स्पीकरातून येईन, असं वाटलं का तुमाले? अन् उजव्यातून तबला? मंग पेटी कुठून येते? मधातून?"

मधुसूदन हसला नाही. त्याने स्पीकर परत पिशवीत घातला, पुन्हा बाहेर काढला, दुकानाच्या दोन पायऱ्या उतरला आणि परत चढून आला. हा त्याचा स्वभावच. बसलेला मधुसूदन गावात फार थोड्या लोकांनी पाहिला असेल. कापूस खरेदीच्या सरकारी कार्यालयात तो वरिष्ठ लिपिक होता आणि तिथेही तो फायली उभ्यानेच वाचायचा. चहा टपरीवर उभ्याने, पेपर दारात उभ्याने. जेवायला बसला तरी एक गुडघा वर असायचा, जणू कोणी हाक मारली तर उठायला बरं. हा माणूस एकेकाळी मांडी ठोकून तीन-तीन तास तबल्यावर बसायचा, हे त्याच्या कचेरीतल्या कोणाला खरं वाटलं नसतं. आणि त्यानेही ते कोणाला सांगितलं नव्हतं.

निजामुद्दीनला मात्र ते माहीत होतं. दोघांची ओळख बोरी अरबची. तिथे मधुसूदनची पहिली नेमणूक झाली होती आणि निजामुद्दीन तेव्हा गावात वडलांच्या मंडप-लाउडस्पीकरच्या धंद्यात होता. ओळख जुनी म्हणूनच त्याने हसणं आवरलं आणि नीट समजावून सांगितलं.

"आवाज दोनी स्पीकरात सारखाच जाते. पण तुमच्या स्पीकरची वाटी पाहा, एवढुशी. डग्ग्याले हवा ढकला लागते, त्याले मोठं तोंड पाहिजे. याच्या जोडीले एक वूफर लावा."

"वूफर म्हणजे?"

"वरात दारावरून गेली का छातीत धडधड होते ना, तो डब्बा. बजारातला नका घेऊ. मी बनवून देतो, सस्त्यात."

"किती दिवसात?" मधुसूदनने विचारलं.

हे २००६ सालचं दिवाळीनंतरचं. मुलगा सलील पुण्याहून आला होता आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर, त्याचे दोन छोटे स्पीकर आणि आईवडलांना तो चालवायच्या सूचनांचा कागद ठेवून गेला होता. शिवाय त्याने एक आगाऊपणा केला होता. लोखंडी कपाटात आईच्या शालूंच्या खाली त्याला एक कॅसेट सापडली. वरच्या पट्टीवर 'बोरी अरब, गणेशोत्सव, १९८४' असं बाबांच्या अक्षरात लिहिलेलं. त्याने ती मोठ्या हौसेने कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि बाबांना खुर्चीत बसवून लावून दिली. त्याला वाटलं, बाबा खूश होतील.

बाबा पाच मिनिटं ऐकत बसले, मग उठले आणि ते अजून बसले नव्हते.

त्याचं कारण एका पोस्टकार्डात होतं. १९८४ च्याच दिवाळीनंतर नागपूरच्या एका संगीत शाळेत तबल्याच्या शिक्षकाची जागा निघाली होती. मधुसूदनला नोकरी होती, नवं लग्न झालेलं होतं, पण ती जागा त्याला जिवापाड हवी होती. आयुष्यभर कापसाच्या पावत्या लिहायच्या की तबला शिकवायचा, याचा निकाल त्या जागेवर लागणार होता. अर्जासोबत वादनाची टेप मागवली होती. त्याच्याकडे एकच होती, बोरी अरबच्या गणपतीत अमरावतीच्या गवयाला त्याने साथ केली होती तिची. तिची एक प्रत त्याने पाठवली. महिन्याभराने कार्ड आलं. त्यावर सही-शिक्का सोडून दोनच वाक्यं होती: उजवा स्वच्छ. डावा बोलत नाही.

तबल्याच्या जोडीत उजव्या हाताखाली तबला असतो आणि डाव्याखाली डग्गा. अक्षरं उजवा उच्चारतो. पण घुमारा, वजन, जीव म्हणतात तो सगळा डाव्याचा. डावा बोलत नाही असं तबलजीला सांगणं म्हणजे तू तबलजीच नाहीस असं सांगणं. मधुसूदनने ते कार्ड बायको सुचित्राशिवाय कोणालाही दाखवलं नाही. साथीची बोलावणी आली की हात दुखतो म्हणू लागला. दोन-तीन वर्षं घरात वाजवत राहिला, मग सलील झाला, बदली झाली आणि जोडी चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली.

पण मनातून तो हरला नव्हता. त्याने स्वतःसाठी एक पळवाट ठेवली होती. वाजवणाऱ्याला आपला डग्गा कानापेक्षा मांडीतूनच जास्त कळतो. समोरच्याला काय पोचतं ते त्याला कधी धड समजत नाही. टेप त्याने तेव्हा लहानशा टेपरेकॉर्डरवर ऐकली होती आणि त्यातही डग्गा पुसटच होता. म्हणून त्याने ठरवून टाकलं की दोष यंत्राचा. नागपूरवाल्यांनीही असल्याच डबड्यावर ऐकलं असणार. चांगल्या मोठ्या मशीनवर कोणी ऐकलं असतं तर डावा बोलला असता. हे खरं की खोटं ते त्याने बावीस वर्षांत एकदाही तपासलं नाही. तपासायची भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

आणि मागच्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. तोंड सुटलं, पाय सुटला, डावा हात मात्र मनगटापासून पुढे परका झाला. बोटं मिटायची, उघडताना वेळ घ्यायची. तो हात तो खिशात ठेवायचा. पोस्टकार्डातलं वाक्य आता खरं झालं होतं, पण पहिल्यापासूनच खरं होतं का, एवढं एकच त्याला कळायला हवं होतं. आता भीतीपेक्षा घाई मोठी झाली होती.

वूफरचा डबा निजामुद्दीनने एका जुन्या टीव्हीच्या शटरवाल्या लाकडी पेटीतून केला. शटर काढलं, पुढे जाड फळी ठोकली, तिला गोल भोक पाडून एका भंगार जीपच्या टेपमधला आठ इंची स्पीकर बसवला. मधुसूदन रोज कचेरीतून निघून दुकानात यायचा आणि झालं का म्हणून विचारायचा.

"मधूबाबू, फेव्हिकॉल वाळू तं द्यान!" निजामुद्दीन वैतागला. "तुमाले काई काम नाई का हापिसात?"

खरंच नव्हतं. त्या हंगामात सरकारी केंद्रावर कापसाच्या गाड्या येईनात. हमीभाव असा घसरला होता की लोक आपला माल बाहेर व्यापाऱ्याला घालत होते. कचेरीतले अर्धे लोक स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म भरत होते. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि ते कशासाठी आलं हे कोणाला विचारावं लागत नव्हतं. मुंबई-दिल्लीकडचे पत्रकार गाड्या घेऊन यायचे आणि रिकाम्या आवारात उभं राहून फोटो काढायचे. अशा दिवसांत आपण डग्ग्याच्या मागे लागलो आहोत याची मधुसूदनला लाज वाटायची. तरी पाय दत्त चौकाकडेच वळायचे.

"एक काम करा," निजामुद्दीन म्हणाला. "आत कापूस भरा लागते, नाईतर डब्बा ठोसठोस वाजते. कापूस तं तुमचाच माल हाय."

मधुसूदनने टाकून द्यायच्या नमुन्यांतून एक पिशवी उचलली. त्यातही त्याने लांब धाग्याचा, पांढरा शुभ्र निवडला. सरकी अजून आतच होती. रात्रीच्या जेवणाआधी तो आणि सुचित्रा सतरंजीवर बसून सरकी काढू लागले. सरकी काढायला दोन हात लागतात. तो डाव्या हाताखाली बोंड दाबून उजव्याने ओढायचा आणि बोंड निसटून जायचं. तिसऱ्यांदा निसटल्यावर सुचित्राने पिशवी आपल्याकडे ओढली आणि एकटीने साफ केली. तो उठून अंगणात फेऱ्या मारू लागला.

"चांगल्या ग्रेडचा आणला," दुसऱ्या दिवशी तो निजामुद्दीनला म्हणाला.

"डब्ब्याले ग्रेड नाई समजत, बाबू," निजामुद्दीन कापूस ठासत म्हणाला. त्या वर्षी त्या कापसाला एवढंच काम मिळालं.

रविवारी सकाळी निजामुद्दीन डबा ऑटोत घालून लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या मधुसूदनच्या घरी घेऊन आला. कॉम्प्युटरच्या मागून निघणाऱ्या वायरीला त्याने दोन फाटे फोडले. एक फाटा त्या छोट्या जोडीला, दुसरा डब्याच्या पोटातल्या अॅम्प्लिफायरला. डब्याच्या पाठीवर दोन बटणं होती: एक आवाजाचं आणि दुसरं, कुठपासून खालचा आवाज डब्याने सांभाळायचा ते ठरवणारं. वरचं काम छोट्यांनी करायचं, खालचं या थोरल्याने.

"डब्बा कोपऱ्यात पाहिजे. कोपऱ्यात आवाज भरते," निजामुद्दीन म्हणाला.

कोपऱ्यात देव्हारा होता.

"तिथे नाही," सुचित्रा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "देवाच्या शेजारी धडधड नको मला."

दुसऱ्या कोपऱ्यात गव्हाची कोठी होती. ती तिघांनी मिळून सरकवली आणि डबा तिथे बसला. निजामुद्दीनने आधी सलीलने भरून ठेवलेलं एक गाणं लावलं. पहिल्या ठोक्यालाच खिडकीची काच थरथरली, स्वयंपाकघरात एक झाकणी सरकून खाली पडली. सुचित्रा ती उचलून क्षणभर हातात धरून उभी राहिली.

"आता लावा तुमची टेप," निजामुद्दीन ऐटीत म्हणाला.

मधुसूदनने लावली. माउसने सरकवत तो नेहमीप्रमाणे सुरुवात टाकून थेट मधल्या तुकड्यावर गेला. गवयाने थांबून त्याला मोकळं सोडलं होतं, तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तुकडा. उजव्याची बोटं सरसर धावत होती. डब्यातून लोकांचे पाय वाजले. कोणीतरी सतरंजीवर काही आपटलं ते वाजलं. गणपतीच्या मांडवामागे जिनिंगचं इंजिन चालू होतं, त्याची धकधकसुद्धा आली. डग्गा तेवढा आला नाही.

निजामुद्दीनने बटण फिरवलं. लाल-काळ्या वायरी उलट जोडल्या, तसं केलं की कधीकधी खालचा आवाज सुधारतो म्हणाला. डबा भिंतीपासून वीतभर पुढे घेतला, परत मागे नेला. इंजिन जवळ आलं, लांब गेलं. डग्गा नाही. दुपार झाली तेव्हा निजामुद्दीन घाम पुसत म्हणाला, "पाह्यतो. कॉईल कमजोर असंन. दुसरा स्पीकर टाकतो."

पुढचे आठ दिवस मधुसूदनने त्याला जगू दिलं नाही. दुसरा स्पीकर झाला, जाड वायर झाली, पुण्याला सलीलला फोन झाले. "बाबा, जुन्या टेपमध्ये नसेलच रेकॉर्ड झालं," असं सलील एकदा म्हणाला आणि बाबांनी फोन ठेवून दिला. सकाळी तो कचेरीच्या रिकाम्या आवारात इकडून तिकडे फिरायचा, संध्याकाळी दुकानात. खाल्लेलं अंगी लागेना. शेवटी एका संध्याकाळी निजामुद्दीनने सोल्डरिंग गन बाजूला ठेवली.

"मधूबाबू, एक डग्गा नाई ऐकू आला तं काहून एवढा जीव जाळून राह्यले? काय हाय त्या टेपमंदी?"

मधुसूदनने शर्टाच्या खिशातून पोस्टकार्ड काढलं. दोन महिने ते तिथेच होतं. त्याने सगळं सांगितलं: नागपूरची जागा, पाठवलेली टेप, दोन वाक्यं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो हे बाहेरच्या माणसाला सांगत होता आणि सांगताना उभाच होता.

निजामुद्दीनने कार्ड दोनदा वाचलं. मग उलटं करून पत्ता पाहिला. "तुमी ही टेप तिथं धाडली होती?" त्याने विचारलं.

"हीच."

"मले नाई सांगितलं कधी."

"कोणालाच नाही सांगितलं."

निजामुद्दीनने दुकानाचं शटर ओढलं, दिवस मावळायला तासभर होता तरी. "चला, घरी चला तुमच्या. ती टेप मले सुरुवातीपासून आयकू द्या. अगदी पह्यल्यापासून."

"सुरुवातीला काही नाही. नुसती जोडी लावायची ठोकाठोक आहे."

"तेच आयकाची हाय."

घरी निजामुद्दीन कोपऱ्यात डब्याजवळ जमिनीवर बसला. मधुसूदनने टेप पहिल्यापासून लावली. लोकांचा गलका, पेटीचा एक सूर धरलेला, हातोडीची टकटक. उजवा लागत होता. आणि मग कोपऱ्यातून तो आला. घुम्म. खोल, गोल, मनगटाने दाबून वर ओढलेला, खिडकीच्या काचेपर्यंत पोचलेला. पुन्हा एकदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या मागोमाग एक फाटका करकर आवाज आला, कोणीतरी ओरडलं, मग खर्र करून काहीतरी जमिनीवर ओढल्याचा आवाज झाला आणि डग्गा गेला. त्यानंतर टेपभर तो कुठेच नव्हता.

मधुसूदन खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याला ते पुसायचं भान नव्हतं. "बोलत होता," तो म्हणाला. "निजामभाई, ऐकलं ना तुम्ही? बोलत होता!"

"बोलत होता," निजामुद्दीन म्हणाला. तो जमिनीकडेच पाहत होता. "तो खर्र आवाज माहा हाय, मधूबाबू."

"म्हणजे?"

"त्या दिवशी लाउडस्पीकर माहाच होता ना. भोंगे नवे आणलेलते अब्बांनी, पह्यलाच कार्यक्रम. तुमचा डग्गा असा येऊन राह्यला होता का भोंगा फाटाले आला. लोकं वरडाले लागले. मी घाबरलो. डग्ग्यासमोरचा माइक वढला अन् पेटीपाशी नेऊन ठेवला. बेसचं बटण पुरं बंद केलं. मले वाटलं, समोर बसलेल्याले तं तसाही आयकू येते. टेप त्याच मशीनवरून भरली." तो थांबला. "तुमचा डावा मी दाबला. खुदा कसम, मले मालूम नव्हतं का ती टेप कुठं जाणार हाय."

मधुसूदन खिडकीपाशी गेला. तिथून दारापाशी गेला. बावीस वर्षं तो नागपूरच्या न पाहिलेल्या परीक्षकांवर धुमसत होता, आणि वायरी जोडणारा हा माणूस आठ दिवस त्याच्याच घरात बसून त्याचा चहा पीत होता. त्याला संताप आला, खरा संताप. जोराने काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण एकच वाक्य निघालं.

"डबा घेऊन जा तुमचा."

निजामुद्दीन उठला. चपला घालताना त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. डबा त्याने नेला नाही. एकट्याने उचलण्यासारखा तो नव्हता, आणि कोणी हात लावला नाही.

त्यानंतरचे चार दिवस मधुसूदनचे कसे गेले ते सुचित्राला विचारावं. तो ती पहिली दोन मिनिटं लावायचा, तीन ठोके ऐकायचा आणि खर्र व्हायच्या आत बंद करायचा. परत लावायचा. जेवताना मधेच उठून लावायचा. चौथ्या दिवशी सकाळी तो सुचित्राला म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? डावा बोलत होता. आता सिद्ध झालं."

सुचित्रा पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं.

"कोणाला सिद्ध झालं?" ती म्हणाली. "मला? बोरी अरबच्या त्या खोलीत तुम्ही पलीकडे वाजवायचे आणि माझ्या वरणावरची झाकणी थडथडायची. रोज. मी हात ठेवून ती दाबून धरायची. बावीस वर्षं तुम्ही त्या कार्डाचं ऐकलं आणि आता या डब्याचं ऐकून राहिले. मी याच घरात होते. मला एकदा तरी विचारलं?"

बायकोला विचारायचं ही गोष्ट मधुसूदनच्या मनातच आली नव्हती, आणि ते त्याला त्या क्षणी इतकं लाजिरवाणं वाटलं की निजामुद्दीनवरचा राग त्यापुढे लहान झाला. तो स्टूल घेऊन माळ्याखाली गेला. एका हाताने गाठोडं ओढू लागला तेव्हा सुचित्रा आली, पदर खोचून दुसऱ्या स्टुलावर चढली आणि दोघांनी जोडी खाली उतरवली. तबल्याच्या मधली काळी शाई चिरली होती. डग्गा धड होता, चामडं सैल पडलं होतं एवढंच.

तो तसाच दत्त चौकात गेला. निजामुद्दीन एका रेडिओत डोकं घालून बसला होता. त्याने वर पाहिलं आणि उभा राहिला.

"डबा न्यायला आला नाहीत," मधुसूदन म्हणाला.

"तुमी बलावलं नाई."

"माइक आहे तुमच्याकडे? बोरी अरबचाच?"

"नाई. तो कवाच मेला. दुसरा हाय."

"घेऊन या. यावेळी कुठे ठेवायचा ते मी सांगीन."

रविवारी सकाळी निजामुद्दीन जाळी चेपलेला एक माइक आणि एक लहान मशीन घेऊन आला. माइकची वायर मशीनला, मशीनची डब्याला. मधुसूदन सतरंजीवर बसला. मांडी पुरी पडेना, पण बसला. सुचित्राने समोर डग्गा ठेवला, एकटाच, तबल्याशिवाय. त्याने हातोडीने कडेवर दोन ठोके देऊन तो थोडा चढवला आणि खिशातून डावा हात काढून चामड्यावर ठेवला. तो हात निजामुद्दीनने आजपर्यंत नीट पाहिला नव्हता. त्याने पाहिला आणि मान खाली घातली.

"अजून जवळ," मधुसूदन म्हणाला.

निजामुद्दीनने माइक पुढे सरकवला.

"आणखी."

माइक चामड्यापासून दोन बोटांवर आला. डब्याने हूं केलं, निजामुद्दीनने चटकन बटण मागे घेतलं. स्टँड आणला नव्हता, म्हणून माइक तो हातातच धरून बसला.

मधुसूदनने बोटं उचलायचा प्रयत्न केला. उचलली गेली नाहीत. पुन्हा केला, कपाळावर घाम आला, अंगठ्याशेजारची दोन बोटं जेमतेम सुटली आणि चामड्यावर पडली. समोर बसलेल्याला ऐकू येईल असा तो ठोका नव्हताच. पण मनगटाचं वजन सवयीने पुढे सरकलं, आणि कोपऱ्यात, गव्हाच्या कोठीच्या जागी, कापसाने भरलेल्या त्या पेटीतून एक लहानसा, खोल घुमारा निघाला आणि जमिनीवरून सतरंजीखाली आला.

मधुसूदन दाराकडे पाहू लागला. त्याला विचारायचं होतं, आणि या वेळी कोणाला विचारायचं ते त्याला माहीत होतं.

"सुचित्रा," त्याने हाक मारली. "काही आलं का गं तिकडे?"

स्वयंपाकघरात वरण शिजत होतं.

"अहो, परत वाजवा," सुचित्रा आतून म्हणाली. "झाकणीवर माझा हात होता."